मुसफ्फा, रात्री साडेनऊ

टायरच्या गोदामामागे भाड्याचा गाळा.
एसी दोन, त्यातला एक नुसता खोकतो.
तादेउश माझ्या गळपट्ट्याचं बक्कल ओढून बघतो,
आत बोट जातंय का, चाचपतो.

दिवसभर मीही हेच करतो:
हनुवटीचा पट्टा, कमरेचा हुक, हातमोजे,
सही. पुढचा माणूस.

आता जाळीआड माझाच श्वास मोठ्यानं ऐकू येतो.
गादीसारख्या जाकिटातून घाम
थेट बुटात.
पोलाद खरं. धार बोथट, टोकाला रबराची टोपी.

"कापायला जाऊ नकोस," तो म्हणतो,
"चिलखत कापलं जात नाही.
डाव्या हातानं पातंच धर मधोमध,
आणि सांध शोध."
काख. गुडघ्याची लवण. डोळ्यांपुढची चीर.

कुठली सांध उघडी राहते, मला तोंडपाठ आहे.
मार्चमध्ये, सतराव्या मजल्यावर,
जरनैलचं सगळं जागच्या जागी होतं.
हुक तेवढा लोंबत होता.
कागदावर सही माझी.

तादेउशची काख उघडी पडते.
टोक तिथवर नेतो,
टेकवतो फक्त.
"लागलं," तो म्हणतो, हसत.

मग लबनची बाटली.
जाड मोज्यांतून झाकण फिरत नाही,
आणि मोजे
काढवत नाहीत.