डंखावरचं तोरण

शमशाद बागवाननं दिली
न खपलेली मोसंबी, अर्धी पाटी.
चकत्या केल्या, डंखाच्या पत्र्यावर
चार दिवस वाळवल्या. माश्या हाकल्या.

डबे झाडल्यावर निघाली
तुटकी दालचिनी, पाकळी गेलेलं बाद्यान,
एक जायफळ, किडकं.
दाभणानं ओवत बसले.
लवंग तेवढी फुटायची,
तिला दोऱ्यानंच गाठ मारली.

लक्ष्मीपुरीतलं गिऱ्हाईक दारात थबकतं,
‘काय घमघमाट ओ!’

ह्यांना विचारू नका.
तीस वर्षं मिरची कांडून
नाक कधीच गेलंय.
पण रात्री डंख थांबला की
खुर्ची ओढून तोरणाखाली बसतात,
एक चकती बल्बासमोर धरतात,
बराच वेळ.
मग म्हणतात,
‘बी राहिलीय गं हिच्यात.’