तुलना करा (गुण आठ)

वीज गेली की मी उत्तरपत्रिका घेऊन
आचऱ्याच्या पिरावाडीत, वाळूवर येऊन बसते.
इथे उजेड जरा उशिरा संपतो.

प्रश्न माझाच होता:
कोणत्याही दोन राज्यक्रांत्यांची कारणे व परिणाम.
बेचाळीस मुलांनी एकच कोष्टक आखलंय,
डावीकडे महागाई, कर, विचारवंत,
उजवीकडे समता.
समतेखाली बहुतेकांच्या दोन रेघा,
एकाने तर चांदणी काढलीय.

त्रेचाळिसावा पेपर यामिनी कुबल हिचा.
कोष्टक नाही. अक्षर दोरीवर वाळत घातल्यासारखं, थोडं हलणारं.

"पॅरिसात पाव महागला. पेत्रोग्राडला पाव मिळेना.
दोन्हीकडे बायका आधी रस्त्यावर आल्या.
परिणामांत बायका नाहीत.
मी धडा दोनदा बघितला."

आणि पान उलटून, कुणी न विचारलेलं:

"तिसरी क्रांती आमच्या मच्छीमार सोसायटीची.
कारण डिझेलची चोरी, असं सगळे सांगतात.
पण डिझेल तर नऊ वर्षं चोरीला जात होतं.
त्या दिवशी चेअरमनने
सगुण आतेची म्हावऱ्याची पाटी पायाने सरकवली.
दुपारपर्यंत ऑफिसला कुलूप.
कुलूप आमच्या घरचं होतं, अजून परत आलेलं नाही.
परिणाम: जयवंत काका चेअरमन झाले.
ते पूर्वी रापणीत दोर ओढायचे,
आता त्यांचा पर्ससीन आहे.
खुर्चीला नवं रेक्झिन लावलं.
पाटी आता कुणी पायाने सरकवत नाही,
त्यासाठी माणूस ठेवलाय.
पण डिझेल वेळेवर मिळतं.
हेही खरं आहे, म्हणून लिहिलं."

लाल पेनाचं टोपण माझ्या दातांत.
आदर्श उत्तरात यातलं काहीच नाही.

माझ्या आजोबांनी खोताच्या अंगणात
चप्पल काखेत धरून अर्धं आयुष्य काढलं.
खोती गेली, सातबारावर आजोबांचं नाव चढलं,
त्या दिवशी घरात खोबरं-साखर वाटली म्हणतात.
मला आठवतो तो नंतरचा आजोबा:
कलमांच्या बागेत फोफळीच्या काठीने गड्याला
"चप्पल बाहेर" असं दाखवणारा.
मी सहा-सात वर्षांची. मला ते
शिस्तीसारखं वाटलं होतं.
हे मी वर्गात कधी सांगितलेलं नाही.

समोर रापण ओढणं चाललंय.
दोन दोर, दोन रांगा, पन्नासेक माणसं,
टाचा वाळूत रुतवून मागे मागे येणारी.
कुणाच्या हाताला फोड, कुणी दारूत, कुणी शाळा बुडवून आलेला,
आणि पाठी मात्र सगळ्यांच्या एकाच कोनात वाकलेल्या.
इथवर पॅरिस आणि पिरावाडी सारखीच,
इथवर मुलांचं कोष्टकही बरोबर.

मग खोळ वर येते. तारली, दोन-चार सुरमया,
एक लेपा, ज्याच्याकडे कुणी बघत नाही.
ओढताना कुणी बोलत नव्हतं, आता बोलणं सुरू.
जाळ्याचा वाटा. होडीचा वाटा. देवाचा वाटा.
मग हातांचा.
आणि वाटे मांडणारा माणूस
दोराला कधी लागला होता,
आधी, मध्ये, की मासळी दिसल्यावर,
यावर आवाज चढतात.
यामिनीने लिहिलंय ते एवढंच बहुधा.
किंवा मी तिच्या पानावर माझं काहीतरी वाचतेय.

अंधारात आकडा नीट दिसेना. साडेसात लिहिले,
खोडले, परत साडेसातच लिहिले.

सोमवारी ती टेबलापाशी आली, पेपर उलटा धरून.
"बाई, अर्धो मार्क खंय गेलो?"

मी म्हटलं, कोष्टक आखलं नाहीस.
ती माझ्या खुर्चीकडे बघत राहिली,
हसली नाही.