टोळंबीचं तेल

मोहाच्या टोळंबीचं तेल थंडीत थिजतं,
शिशीत पांढरं, खरवसासारखं बसतं.
सकाळी ती शिशी मी टिनावर ठेवतो.
तांडापेठेत, आमच्या गल्लीत, ऊन उतरायला
साडेदहा होतात. तोवर तेलही थांबतं, मीही.

गिरिजा पहाटेच निघालेली असते.
अधिवेशनाचे दिवस. बर्डीवर केटररकडे
सकाळी चारशे ताटं, दुपारी सहाशे,
नळाचं पाणी असं की बोटं आपली वाटत नाहीत,
आणि वर ती निळी पावडर.
दर डिसेंबरात तिचे हात उलतात,
आधी पांढरे, मग करडे, मग चिरांच्या कडेनं लाल.
"काही नाही होत जी," म्हणते
आणि भाकर मोडताना डोळे बारीक करते.
ठेचा हल्ली चमच्यानं खाते.

मंगळवारी राशन दुकानात यंत्रानं तिला ओळखलं नाही.
उजवा अंगठा. नाही. डावा. नाही.
तर्जनी, मधलं बोट, पदराला पुसून पुन्हा उजवा.
हेडाऊंचा पोरगा भला आहे, हळूच म्हणाला,
"काकू, रेघाच नाही दिसून राह्यल्या."
रांगेत कोणीतरी हसलं.
तीही हसली. रिकामी पिशवी घडी करून काखेत घातली.
घरी येईपर्यंत एकच बोलली:
"कार्ड माह्या नावाचं,
अन् मीच मी नाही म्हणते तो डबा."

त्या रात्री मी तिचे हात मागितले.
(मागितल्याशिवाय देत नाही.
मागितले तरी आधी ओटा पुसते.)
कोमट पाण्यात दहा मिनिटं. कढत नको,
कढत पाणी अंगात उरलेलं तेलही घेऊन जातं.
मग टिपायचं, घासायचं नाही,
आणि ओल आहे तोवरच तेल.
हे मला डॉक्टरनं नाही, मागानं शिकवलं.
रेशीम खरबरीत बोटाला लगेच धरतं,
एक तार ओढली गेली की वीतभर काठ वाया.
हिवाळ्यात बाबा माझी बोटं स्वतःच्या गालावर फिरवून पाहायचे,
"खरखरते. आज कांड्या भर. मागावर बसू नको."
त्या मागाची लाकडं बंबात गेली, त्यालाही बारा वर्षं झाली.

अंगठ्यापासून सुरुवात केली.
किती दिवसांनी इतका जवळून पाहिला.
नखाशेजारी विळीचा जुना व्रण,
आणि पेरावर
उभ्या रेघा झिजून नुसत्या आडव्या भेगा,
ताणा गेलेला, बाणा तेवढा उरलेला.
एकेका भेगेत तेल जिरवत गेलो.
"वास येते," ती म्हणाली.
येतोच. मोहाचं आहे ते.

माझे जुने सुती मोजे हातांत चढवून झोपली.
मध्यरात्री पाणी प्यायला उठली तर
पेला धरता येईना,
अंधारात एकटीच हसत होती.

अशा चार रात्री.
पाचव्या दिवशी काचेवर तिनं अंगठा ठेवला
आणि हिरवं उजळलं.
"आल्या काकू!" हेडाऊंचा पोरगा ओरडला,
जशी काही ती गावाहून आली.
मग म्हणाला, "काका, तुमचंही करून टाका ना आजच,
केवायसी राह्यली आहे."

मी अंगठा ठेवला. घसरला.
पुन्हा ठेवला. नाही. डावा. नाही.
चार रात्रींचं तेल माझ्याही रेघांत बसलेलं.
"काका, साबणानं हात धुऊन या बरं."

गिरिजा पायरीवर बसली, तांदूळ मांडीशी घेऊन,
उन्हात तिचे हात थोडे चमकत होते.
"जा ना जी," म्हणाली, "मी आहो इथंच.
पण गरम पाण्यानं नोका धुऊ."