काळी काच

लर्विकला डिसेंबरात तीन वाजताच दिवस मिटतो
आणि खिडकीची काच आरसा होते.
एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं.
आलंही होतं.

ओस्ला इझ्बिस्टर, वय सहा,
स्वेटरला मेंढीचा आणि धुराचा वास,
डोक्याला न पेलणारे हेडफोन,
पुढ्यात भोकांची पाटी, मुठीत लाकडी खुंट्या.
आवाज आला की एक खुंटी भोकात घाल,
हे मी तिला बोलून नाही, करून दाखवलं.

बटण दाबलं. खुंटी.
पुन्हा दाबलं. खुंटी.
आवाज उतरवत नेला, इतका
की कुत्र्यानेही कान टवकारले नसते.
खुंटी.

पाठ माझ्याकडे, नियमाप्रमाणे.
समोर काळी काच, काचेत दिवा,
दिव्याखाली माझा हात
आणि बटणाआधी किंचित उचलली जाणारी माझी भुवई,
जिची मलाच खबर नव्हती.

पडदा हाताच्या अंतरावर होता.
खुर्ची फिरवायला कितीसा वेळ लागतो?
पण दाराशी तिची आई उभी होती
ओले हातमोजे पिळत,
सकाळपासून एकच वाक्य बोललेली:
"अ‍ॅबर्डीनच्या बोटीत नका घालू तिला."
रात्रभराचा समुद्र, पलीकडे वसतिशाळा,
वर्षातून तीनदा घर.
फॉर्मवर दोन चौकोन होते.
मी गावच्या शाळेवर खूण केली.
शेरा: पुढच्या बाकावर बसवावे.

पाच वर्षं ती पुढच्या बाकावर बसली.
बाई फळ्याकडे वळल्या की तिची शाळा सुटायची,
तोंड इकडे केलं की पुन्हा भरायची.
प्रगतिपुस्तकात दरवर्षी तेच: मुलगी शांत आहे.
अकराव्या वर्षी बोट चुकली नाहीच.

परवा दुकानात भेटली. सोबत कमरेएवढा मुलगा.
बटाट्यांची पिशवी खाली ठेवली आधी,
बोलायला तिला दोन्ही हात लागतात.
मला अर्धंच कळतं; मुलगा सांगत गेला.
आई म्हणते, तिकडे पहिल्या रात्री जेवताना
कुणीतरी हातांनी मीठ मागितलं
आणि दुसऱ्याने दिलं.
ते बघून ती रडली होती.
मीठ, फक्त.

त्या पाच वर्षांचं मीच काढलं.
तिचे हात बराच वेळ चालले,
एकदा छातीवर आपटले, एकदा हवेतच थांबले.
मुलगा बुटांकडे बघत म्हणाला,
"ती म्हणते, ठीक आहे."

मग तिने माझी भुवई करून दाखवली,
हुबेहूब,
आणि आमच्या दोघींच्या मध्ये
हवेत एक खुंटी घातली.