ताणा एकोणीसशे वीस

तांडापेठेत आमच्या सोसायटीचा मागखाना होता,
तिथे आता रेडिमेड कपड्यांचं गोदाम आहे
आणि मी, वामन हेडाऊ, एकाहत्तर पूर्ण,
रात्री दहा ते सहा टीव्हीसमोर बसतो.
टीव्हीत आठ चौकोन. आठांतही काही घडत नाही.
त्याचाच पगार.

मे महिन्यात कॅमेरे लावायला तौसीफ आला,
मोमीनपुऱ्याचा पोट्टा, कानावर पेन्सिल.
म्हणाला, चाचा, दोन मेगापिक्सेलचे आहेत.
म्हटलं, मेगा कळलं नाही, पिक्सेलही नाही.
शिडीवरूनच बोलला:
उभ्या ओळी एकोणीसशे वीस, आडव्या एक हजार ऐंशी.
मग सरळ सांग ना बे,
ताणा एकोणीसशे वीस, बाणा एक हजार ऐंशी.
तो थांबला. ड्रिल बंद केलं.
"आमचे दादा असंच बोलायचे."
अन्सारी ना तू? मग काहून अडखळतो?

त्यानंतर शिकवणी सोपी झाली.
फ्रेम रेट म्हणजे धोट्याची चाल.
सेकंदाला पंचवीस फेऱ्या झाल्या की
चालणारा माणूस चालताना दिसतो.
शेठने डिस्क वाचवायला सहावर आणल्या,
म्हणून आमच्याकडे मांजर उडी मारत नाही,
भिंतीवर असते, मग खाली असते.
लेन्सचा आकडा वाढला की नजर लांब जाते
आणि अरुंद होते:
दोन पूर्णांक आठमध्ये अख्खी गल्ली, बारामध्ये फक्त कुलूप.
(साठीनंतर माझीही बाराची झाली.)
दुपारी शटर उचललं की मागे शेहेचाळीस डिग्रीचं ऊन,
दारातल्या माणसाचा नुसता कोळसा.
त्यावर डब्ल्यूडीआर: एक फ्रेम उजेडाची, एक सावलीची,
दोन्ही एकमेकींत विणायच्या.
हे मला लगेच पटलं.

पटलं नाही ते इन्फ्रारेड.
त्या उजेडात रंगच राहत नाहीत.
पहिल्या रात्री घरून बायकोची साडी आणली,
काळं अंग, लाल करवती काठ, माझ्याच हातची,
आणि धरली चार नंबरपुढे.
टीव्हीत पांढरी. काठासकट.
करवतीचा एक दात दिसेल तर शपथ.
तौसीफ म्हणाला, चाचा, रात्री तो कपडा नाही पाहत,
माणूस पाहतो.

तर आता माणसाचं.
दोन चाळीसला डोमाजी बारापात्रे येतो.
मोशन डिटेक्शन बीप करतं,
त्याच्याभोवती लाल चौकट.
मग तो दोन नंबर शटरच्या पायरीशी उभा राहतो,
आतल्या बाजूला जिथे त्याचा खड्डामाग होता,
आणि हलत नाही.
जो हलत नाही त्याला मशीन भिंत समजते.
लाल चौकट निघून जाते.
फक्त उजवा हात मधूनमधून किंचित झटकतो,
दोरी ओढावी तसा.
तेवढ्याला मशीनची सेन्सिटिव्हिटी पुरत नाही.
माझी पुरते.

शेठने मोबाइलवर पाहिलं. कोण आहे हा?
रोज येऊन अंदाज घेतोय का कशाचा?
मी म्हटलं, कुत्रं असेल.
कुत्रं उभं राहतं का, हेडाऊ?

तौसीफला फोन केला.
दोन नंबरला खांबावरचा बल्ब लुकलुकतो,
खोटे अलार्म येतात, काही कर.
तो आला, बल्बाकडे पाहिलं,
बल्ब ठणठणीत. माझ्याकडे पाहिलं.
मग काही न विचारता पायरीवर
प्रायव्हसी मास्क ओढला,
चहाचेही पैसे घेतले नाहीत.

पंधरा दिवसांत डिस्क स्वतःवरच पुन्हा लिहिते.
डोमाजीच्या जुन्या रात्री पुसून गेल्या.
आता दोन चाळीसला
मी पायरीवरच्या त्या काळ्या चौकोनाकडे बघत बसतो.
इन्फ्रारेडमध्येही काळाच राहतो,
पक्का रंग.
वीसेक मिनिटांनी
त्याच्या डाव्या कडेतून
एक चप्पल बाहेर येते.