दोनशे बारा

जेवताना डावा हात मी ताटाभोवती ठेवतो, कुंपणासारखा.
लग्नाला एकवीस वर्षं झाली, तरी शैला अजून म्हणते,
"कुणी ओढून नेत नाही हो ताट."
मी हसतो. हात काढत नाही.

दारूखान्यात तेव्हा जहाजं फोडायचे.
चिखलावर तेलाची साय, जिभेवर गंजाची चव,
आणि आम्ही तिघं: मी, ऑस्कर, बुटक्या नझीर.
नझीर पत्र्याच्या भोकातून आत जायचा,
मी वजन उचलायचो,
ऑस्कर नुसती शिट्टी वाजवायचा, तीही वेळेवर नाही.

पितळेचा एक व्हॉल्व्ह, अकरा किलोचा.
चोरबाजारात एकशे चाळीस रुपये आले.
फालुदा खाल्ला, दोन-दोन ग्लास. नझीरला उलटी झाली
नळबाजारच्या नाक्यावर, गुलाबी,
आणि आम्ही इतके हसलो
की तेवढं हसणं पुढं परत जमलेलं नाही.

मग डोंगरी. दहा महिने.
ऑस्करचा मामा कस्टममध्ये होता,
म्हणून ऑस्कर नव्हता.
पहाटे पाचला मोजणी. नाव नाही, नंबर.
दोनशे बारा.
पोळ्या तीन, डाळ पाणचट,
आणि शेजारच्याचा हात तुझ्या ताटात पोचायच्या आत
संपवायचं.
सुतारकामाचे तावडे गुरुजी
फूटपट्टी उभी मारायचे, बोटांच्या सांध्यांवर,
आणि मग तीच बोटं स्वतःच्या हातात घेऊन
रंधा कसा धरायचा ते दाखवायचे.
रंधा अजून येतो. सांधे थंडीत बोलतात.

आई दर रविवारी यायची, रे रोडवरून चालत.
एका रविवारी आली नाही.
पुढच्या वेळी आली तेव्हा मंगळसूत्राला वाट्या नव्हत्या,
नुसते काळे मणी.
"वकिलाला," म्हणाली, आणि डब्याचं झाकण उघडत राहिली.
मला पितळेचा भाव पाठ होता.
सोन्याचा नव्हता.

पुढं प्रत्येक अर्जात एक ओळ असायची:
यापूर्वी अटक झाली आहे काय?
लहानपणीचं लिहावं लागत नाही म्हणे, कायद्यानं.
मी 'नाही' लिहायचो,
आणि तेवढ्या एका शब्दापुरतं
माझं अक्षर बदलायचं.

आता परळच्या एका टॉवरमध्ये सुपरवायझर आहे.
चाळीस मजले, निळा शर्ट, वॉकीटॉकी.
गेल्या मंगळवारी पार्किंगमध्ये एक पोरगा सापडला,
चौदा-पंधराचा. पिशवीत आगीच्या पाइपची पितळी तोंडं, चार.
रडला नाही. म्हणाला, "एकाचे अडीचशे देतो तो."
मी मनातल्या मनात वजन केलं.
पोरगा फसवला जात होता.
आणि माझा हात उठला.
कानाखाली. इतका सराईत,
की जणू माझा नव्हताच,
कुणीतरी ठेवायला दिलेला,
मुद्दल तसंच, व्याज वाढलेलं.

सेक्रेटरी म्हणाले, फोन लावा.
मी लावला.
मग वहीत नाव लिहिलं: समर्थ दत्तू वाघचौरे.
सावकाश, बापाच्या नावासकट, एकही वेलांटी न चुकवता.
ते सोडून त्याच्यासाठी काही केलं
असं मला सांगता येत नाही.
गाडी आली. जाताना त्यानं गाल चोळला,
आणि माझ्याकडं नाही, पिशवीकडं बघितलं.

रात्री आठला शैलानं वाढलं.
डोंगरीतही आठला वाढायचे, निदान तेव्हा.
मी हात ताटाभोवती ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.
ती काही बोलली नाही.

पहिल्या रात्री पोळी जाते,
हे त्याला कुणी सांगितलं असेल का?