घर नंबर त्र्याऐंशीचा उतारा

माझं काम नकला द्यायचं.
मूळ वही कपाटात, कपाटाची किल्ली
माझ्या गळ्यात, क्रॉसच्या शेजारी.
न्यूरेनबर्गहून आलेला म्हातारा
हॅट मांडीवर ठेवून म्हणाला,
"त्र्याऐंशी नंबर. अगदी पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे वहीच्याही आधीपासून.
तेव्हा नुसती दर्शनी भिंत होती,
तिच्यावर चुन्यात कोरलेलं:
टोमास गुनेश आणि बायको सारा, १७९४.
सालातल्या नऊवर आता पाकोळीचं घरटं आहे.

वही सुरू होते जर्मनमध्ये,
कुंपणाच्या तारेसारख्या टोकदार अक्षरात.
मालक मिखाएल गुनेश. घर, कोठार, तळघर,
विहीर निम्मी (उरलेली निम्मी चौऱ्याऐंशीची)
आणि चर्चच्या बुरुजात
डुकराची चरबी टांगायची एक खुंटी.
खुंटीसुद्धा नोंदवलेली!
इथेच मरायचंय हे नक्की असलं
की माणसं किती नेटकी असतात.

बोजा: निरंक.
पुढच्या पानावर बोजा: बाराशे, बचत पेढी.
मिखाएलचा योहान, योहानची विधवा रेगिना,
रेगिनाचा अंद्रेआस.
पुढचं नाव चढलं की मागच्याखाली लाल रेघ.
मेला, की विकलं, की भांडून गेला,
रेघ सगळ्यांना सारखीच.
भाषा हंगेरियन होते, मग आमची रुमानियन.
विहीर निम्मीच राहते.

जानेवारी पंचेचाळीस:
अंद्रेआसची हर्मिना, वय एकोणीस,
बर्फातून चालवत स्टेशनावर नेली,
तिथून कोळशाच्या खाणीत.
याची नोंद नाही. ते माणसांचं खातं, आमचं जमिनीचं.
आमच्याकडे फक्त मार्चमधली एक ओळ:
मालक, राज्य.
मग अकरा वर्षं पुढच्या खोलीत सामुदायिक शेतीचं बियाणं,
आणि बियाण्यामागे उंदीर.
छप्पन साली घर परत. हर्मिनाही परत आलेली, खोकत.

एकोणऐंशी. पासपोर्ट हवा तर घर लिहून द्या.
"ही सही माझी," म्हातारा म्हणाला,
"हर्मिनाचा मुलगा मी."
त्याने बोट पुढे केलं.
मी म्हटलं, शाईला हात लावू नका.

त्यानंतर रकाना कोरा. चाळीस वर्षं.

शनिवारी मी त्याला माझ्याच गाडीतून गावात नेलं.
हे नियमात बसत नाही.
त्याने खिशातून वीतभर किल्ली काढली;
फाटक उघडंच होतं, कुलूप कधीच बदललेलं.
साविना लिंगुरार अंगणात कोंबडी सोलत होती.
गोठ्यावरच्या कामाच्या बदल्यात
चेअरमनने तोंडी दिलेलं घर.
दर ईस्टरला भिंतींना निळा चुना,
विहिरीला सात वेळा नवा दोर.
वहिवाट म्हणतात ती हीच. पण कागद नाही,
म्हणून तिने हात पुसून आधी माझ्याकडेच पाहिलं,
आणि मी माझ्या बुटांकडे.

"इथे नासपतीचं झाड होतं," म्हातारा म्हणाला.
"पंच्याऐंशीच्या थंडीत जाळलं.
चांगलं जळलं," साविना म्हणाली.
आणि त्याला स्टूल दिलं.

प्लमची दारू दोनदा भरली गेली.
तेव्हा कुठे तो बोलला: "घर नको मला.
उतारा पुन्हा वाचा. खुंटीचं काय?"

मी वाचला. पुन्हा वाचला.
पंचेचाळीसची जप्ती: घर, कोठार, तळघर, निम्मी विहीर.
एकोणऐंशीचा करार: तेच, त्याच क्रमाने.
खुंटी घ्यायला राज्य दोन्ही वेळा विसरलं होतं.

म्हातारा हसला, मग बराच वेळ हसला नाही.
साविनाने बुरुजाकडे मान वळवली;
इतकी वर्षं ती त्याच्याखालून पाणी नेत होती.
"घराला खुंटीपण आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही.
डिसेंबरात डुक्कर कापणार आहे.
भाडं काय घ्याल?"

त्याने आकडा सांगितला. तिने निम्मा केला.
सोमवारपासून वही उघडून बसलेय,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते शोधत.